आईच्या कडक भाकरी आणि मालगुंडची दमट हवा

अण्णांना समुद्र दाखवायचा हे मी आणि सवीनं संक्रांतीला ठरवलं. सवी माझी धाकटी बहीण, पुण्यात असते. सणाला आली होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो आणि पुढच्या खोलीत अण्णा, म्हणजे आमचे वडील, सकाळचा चहा घेत बसले होते. त्यांच्यासमोर आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी. त्यांनी गाठ सोडली, एक लहानसा तुकडा मोडला, कट् आवाज झाला. तो चहात बुडवून खाल्ला आणि गाठ पुन्हा बांधून टाकली.

आई दिवाळीनंतर गेली. झोपेतच. दिवाळीच्या आधी तिनं नेहमीसारखी ज्वारीच्या कडक भाकरींची चळत करून ठेवली होती. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही भाकरी पापडासारखी पातळ असते, तव्यावर दाबून दाबून पार कोरडी करायची. आमच्या हवेत ती फडक्यात बांधून टोपलीत ठेवली तरी महिना-दोन महिने काही होत नाही, थंडीत तर त्याहून जास्त टिकते. आईच्या हातच्या आता तेवढ्याच उरल्या होत्या. अण्णा रोज एकच तुकडा खायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

"संपल्यावर काय गं करायचं?" सवीनं हळूच विचारलं.

मी तिच्यावरच खेकसले, "तू आधी गॅस बंद कर, दूध उतू चाललंय."

आता समुद्र का, ते सांगते. अण्णा सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे काम. 'सोलापूर-रत्नागिरी, मार्गे मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर' हे आम्ही बहिणी पाढ्यांसारखं म्हणायचो. आई दर उन्हाळ्यात म्हणायची, "रोज लोकांना पाठवताव, एक दिवस मलाबी बसवा की त्या गाडीत. समुद्राच्या काठाला बसून भाकरी अन् शेंगाचटणी खायचीय मला." घरच्यांना पास मिळायचा, तरी जाणं झालं नाही. आधी आमच्या शाळा, मग लग्नं, मग रिटायर झाल्यावर जाऊ, मग आईचे गुडघे. अण्णा म्हणायचे, "थांब की, समुद्र कुटं पळून चाललाय?"

सव्वीस जानेवारी सोमवारी येत होती. शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस हातात. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "जिला बघायचा हुता ती गेली. मी काय करू जाऊन?" मी आठवडाभर मागे लागले. शेवटी वैतागून म्हणाले, "बरं. पण भाकरी संगं घ्यायच्या. तिला तितंच खायच्या हुत्या."

मला काय, ते हो म्हणाले यातच मी खूश.

शनिवारी उजाडायच्या आधी निघालो. गाडी मी चालवते, सवी मागे, अण्णा शेजारी, मांडीवर फडकं. मागच्या सीटवर ठेवा म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. रस्त्याचं म्हणाल तर सोलापूर ते मिरज आता चकाचक चौपदरी झालाय, मंगळवेढा कधी आलं आणि गेलं कळत नाही. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, टोल बरेच आहेत. सांगोल्याच्या पुढे चहाला थांबलो. टपरीवाल्यानं विचारलं, "कुटं निघाला, आजोबा?"

"रत्नागिरी," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, जुन्या सवयीनं, "मार्गे मिरज, कोल्हापूर."

सवी हसली आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. मी तिला कोपरखळी मारली, कारण ती रडली की मलाही येतं आणि मला गाडी चालवायची होती.

कोल्हापूरच्या पुढे आंबा घाटापर्यंत काही ठिकाणी रस्त्याचं काम चालू आहे, तिथं धूळ आणि खोळंबा धरून चाला. घाटात मात्र घाई करू नका. आम्ही माथ्यावर थांबलो. खाली नुसती दाट झाडी. आमच्याकडे एवढी झाडं एकदम बघायची सवय नाही, डोळे कुठं ठेवावेत समजत नाही. अण्णा बराच वेळ कठड्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "ड्रायव्हर लोक येऊन सांगायचे, आंबा घाट लई अवघड. मी आपलं व्हय व्हय म्हणायचो. काय ठाऊक हुतं मला?"

साखरप्यावरून पाली, हातखंबा, मग निवळी फाट्याला डावीकडे वळलं की गणपतीपुळे. आम्ही तिथं राहिलो नाही. सुट्टीत तिथं पाय ठेवायला जागा नसते. जरा पुढे मालगुंडला एका घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. खोलीचे दोन हजार, जेवण वेगळं, आणि जेवण असं की पैसे देताना हात आखडत नाही. कुळथाचं पिठलं, सोलकढी, तांदळाची भाकरी. घरच्या काकू स्वतः वाढायला उभ्या. अण्णांनी तांदळाच्या भाकरीची घडी बोटात धरून बघितली आणि म्हणाले, "रुमालासारखी हाय की ही." काकू खळखळून हसल्या. आई गेल्यापासून अण्णांच्या बोलण्यावर कुणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. घरामागच्या सुरूच्या झाडांतून चालत गेलं की समोर एकदम समुद्र. काही बोलतील म्हणून मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, पाण्यापासून लांबच वाळूत उभे राहिले आणि सूर्य बुडाल्यावर म्हणाले, "चला, गार सुटलं." मला रागच आला. एवढं चारशे किलोमीटर आणलं आणि हे काय? सवी म्हणाली, "तुला काय पाहिजे होतं? टाळ्या वाजवायच्या होत्या त्यांनी?" तिचं बरोबर होतं. मला काहीतरी पाहिजे होतं, पण काय ते मलाच धड सांगता येत नव्हतं.

भाकरी उद्या सकाळी चहाबरोबर किनाऱ्यावर खायच्या असं ठरलं. म्हणजे अण्णांच्या हिशेबानं प्रत्येकी एक तुकडा, बाकीच्या परत घरी. झोपताना त्यांनी फडकं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि खिडकी उघडी ठेवली. घरी पण ते तसंच ठेवतात, वाऱ्यावर. आमच्याकडे वारा लागला की भाकरी चांगली राहते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'कोकणचे हवामान उष्ण व दमट असते' हे वाक्य मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. आणि मला खिडकी लावायचं सुचलं नाही.

रविवारी सकाळी अण्णांच्या खोलीतून हाक आली, "सुरेखा, इकडं ये जरा." आवाज असा होता की मी अनवाणीच पळाले. ते खाटेवर बसले होते, मांडीवर फडकं उघडं. त्यांनी भाकरी दोन्ही हातांत धरून दाबली. मोडली नाही. वाकली.

"बघ," ते म्हणाले. "कशी वाकायलीय."

दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या सादळलेल्या, ओलसर आणि लुळ्या. ते प्रत्येक भाकरी वाकवून बघत होते आणि माझ्याकडे बघत होते, जणू मला काहीतरी इलाज माहीत असेल.

काकूंना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो, कापडात बांधून आणलात? आमच्याकडे पापडसुद्धा डब्याबाहेर तासभर टिकत नाही. झाकणाचा डबा हवा होता हो." बिचाऱ्यांनी लगेच तवा ठेवला आणि एक भाकरी मंद आचेवर शेकून दिली. कडा करपल्या आणि मधे ती चामड्यासारखी चिवट झाली. अण्णांनी एक घास खाल्ला.

"तिच्या हातची न्हाय लागत ही," म्हणाले आणि ताटली बाजूला सरकवली. बाकीच्या तव्यावर टाकू दिल्या नाहीत.

मग काकूंनी उरलेल्या गच्चीवर सूप पालथं घालून त्यावर पसरल्या आणि वरून पातळ कापड घातलं. ऊन होतं. "बघूया," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

दिवसभर घरी बसून त्या भाकरींकडे बघत राहणं मला झेपलं नसतं. मी दोघांना गाडीत घातलं आणि आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरीला नेलं. हा रस्ता चुकवू नका. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली समुद्र, आणि वळणावर गाडी लावायला जागा आहे. सकाळी लवकर जा, दुपारनंतर गाड्यांची रांग लागते. माझे फोटो चांगले आलेत, खाली टाकलेत. फोटोत आम्ही तिघंही हसतोय. त्यावर जाऊ नका.

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळून जाताना अण्णा म्हणाले, "थांबव." आत सोलापूरची गाडी लागली होती. अण्णा उतरले, पाटीसमोर उभे राहून ती वाचली आणि कंडक्टरजवळ गेले. मी मागोमाग गेले.

"सोलापूरला जायचंय का, बाबा?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाय. मी तिकडूनच सोडायचो ही गाडी. स्टँडवर हुतो."

"असं होय. मग काय, बसा की आत, चहा सांगतो."

"नको. मंडळीला आणायचं हुतं हिच्यातनं." अण्णांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. "राहिलंच."

कंडक्टर बऱ्याच वयाचा माणूस होता. त्यानं विचारलं नाही की मंडळी कुठं आहेत. "खिडकीची सीट चांगली असते हिची," एवढंच म्हणाला. अण्णांनी मान हलवली. गाडी सुटेपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. मी त्या स्टँडवर, लोकांच्या देखत, हमसून हमसून रडले. आई गेल्यावर इतकी रडले नव्हते, तेव्हा पाहुण्यांचा चहा बघायचा होता.

परत आलो तर भाकरी तशाच. वरून जरा बऱ्या वाटत होत्या, पण सूर्य कलल्यावर हात लावला तर पुन्हा गार, मऊ. काकूंनी एक उचलून नाकाजवळ नेली. "आज ठीक आहेत. पण उद्यापर्यंत बुरशी धरेल बघा. खायच्या तर सकाळीच खाऊन घ्या, मग टाकाव्या लागतील."

टाकाव्या लागतील हे शब्द अण्णांना लागले. ते जेवले नाहीत. सवीनं सोलकढी पुढे केली, ती पण नको म्हणाले. पडवीत बसून त्यांनी एकेक भाकरी पुसून पुन्हा फडक्यात ठेवली.

सोमवारी सकाळी मी उठायच्या आधीच ते तयार होऊन बसले होते. "चला," म्हणाले, "खाऊन टाकू सगळ्या. फेकायच्या न्हाईत."

किनाऱ्यावर धुकं होतं. पलीकडे शाळेतल्या झेंडावंदनाचं गाणं ऐकू येत होतं. आम्ही वाळूत बसलो. सवीनं शेंगाचटणीची पिशवी सोडली. अण्णांनी फडकं उघडलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आमच्या हातावर अख्खी भाकरी ठेवली. आधी सवीला, मग मला.

चामट झाली होती. ओढून तोडावी लागत होती. पण चव तीच. आई पिठात मीठ जरा जास्तच टाकायची, तेही तसंच. अण्णा भराभर खात होते, कुणीतरी काढून घेईल असे. एक संपली की दुसरी. ठसका लागला तरी थांबले नाहीत. "हळू, अण्णा," मी म्हणाले. "व्हय व्हय," म्हणाले आणि खातच राहिले. खाता खाता एकदा समुद्राकडे बघून म्हणाले, "बस की खाली, किती उभी राहशील?" आम्ही दोघीही बसलेल्याच होतो. सवीनं माझा हात धरला.

मला शेवटचा घास गिळवेना. तळहाताएवढा तुकडा राहिला, तो मी रुमालात गुंडाळला आणि गाडीत डॅशबोर्डवर ठेवला. अण्णांनी रिकामं फडकं समुद्राच्या पाण्यात नाही, विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतलं. काकूंनी आमसुलं बांधून दिली, नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी डब्यातून आणा हं." मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं, पुढच्या वेळी काय आणणार. त्या तशाच दारात उभ्या राहिल्या.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. कोल्हापूरला जेवलो, सवीला तिथून पुण्याची गाडी मिळाली. मिरज सोडल्यावर हवा बदलते, ओठ सुकायला लागतात. सांगोल्याच्या पुढे उन्हं कलेपर्यंत डॅशबोर्ड तापून निघाला होता. अण्णा डोळे मिटून बसले होते, मांडीवर काही नव्हतं, हात कुठं ठेवायचे ते त्यांना उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी गाडी झाडायला घेतली. गाडी दिवसभर गल्लीत उन्हात होती. रुमाल उचलला तर हाताला टणक लागला. सोडला. भाकरीचा तुकडा खडखडीत कोरडा झाला होता. मी त्याची कड बोटात धरून दाबली.

कट्.

मी तिथंच सीटवर बसले. म्हणजे काही बिघडलंच नव्हतं. आणल्या असत्या परत, एक दिवस आमच्या उन्हात घातल्या असत्या, तर सगळ्या पहिल्यासारख्या झाल्या असत्या. अण्णांचे कितीतरी दिवस निघाले असते. काकूंची चूक नाही, त्यांच्या हवेत त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. आम्ही आमची हवा विसरलो.

सांगावं की नको? तुकडा मी खाऊन टाकला असता तर त्यांना कधी कळलंही नसतं. मी बराच वेळ गाडीत बसून राहिले. मग वाटलं, आईच्या हातचा तुकडा आहे, तो त्यांच्यापासून लपवणारी मी कोण?

अण्णा चहा घेत होते. मी रुमाल समोर ठेवला. त्यांनी तुकडा उचलला, उलटा केला, नखानं वाजवून बघितला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हितं आणल्या असत्या तर झाल्या असत्या की," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

त्यांच्या चहावर साय धरली.

"जायचं तवा थांबलो," ते म्हणाले. "अन् थांबायचं तवा घाई केली."

त्यांनी तुकडा मोडला, मोठा भाग माझ्या हातावर ठेवला. "तुझा राहिलाय. खा." मी खाल्ला. कुरकुरीत, खारट, आईचा. त्यांचा तुकडा त्यांनी गार झालेल्या चहात बुडवला आणि मऊ पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.

तुम्ही कोकणात जाणार असाल तर जरूर जा, जानेवारी चांगला महिना आहे, आणि ज्यांना न्यायचं आहे त्यांना याच सुट्टीत न्या. कडक भाकरी नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यातून न्या.

आमच्याकडे काल सकाळी मी अण्णांसाठी बाजारातली कडक भाकरी आणून ताटलीत ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग घडी करून ठेवलेल्या फडक्याकडे बघितलं. मग कप उचलला आणि नुसता चहा प्यायले.